हेवी-ड्युटी पिकअप निवडताना: ओढण्याचा आकडा, पेलण्याचा आकडा आणि रोजचा प्रवास

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या जाहिरातीत सगळ्यात ठसठशीत दिसतो तो टोइंगचा, म्हणजे मागे ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेचा आकडा. २०,००० पौंड, ३०,००० पौंड. फोर्ड एफ-४५० तर योग्य जोडणी असेल तर ४०,००० पौंडांपर्यंत ओढतो. हे आकडे खोटे नसतात. पण आरव्ही (चाकांवरचं घर), घोड्यांचा ट्रेलर किंवा बोट ओढायला ट्रक घेणाऱ्या बहुतेक लोकांना त्या आकड्यापर्यंत पोचायची वेळच येत नाही. त्याच्या कितीतरी आधी दुसरी मर्यादा आडवी येते: ट्रक स्वतःच्या अंगावर किती वजन पेलू शकतो, म्हणजे पेलोड. ओढणं आणि पेलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चुकीचा ट्रक घेतला जातो तो बहुधा यांची गल्लत झाल्यामुळे.

दुसरी गोष्ट विसरली जाते ती अशी, की ट्रेलर मागे लावलेला असतो वर्षातले मोजके दिवस. बाकीचे दिवस हाच ट्रक ऑफिसला, शाळेत, किराणा आणायला रिकामा धावणार. वजन पेलायला ताठ केलेली स्प्रिंग रिकाम्या ट्रकमध्ये पाठ हलवते. ही ओढाताण पूर्ण मिटत नाही. कुठे आणि किती तडजोड करायची ते ठरवता येतं.

हेवी-ड्युटी कशाला म्हणतात

एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५०० हे लाइट-ड्युटी, बोलीभाषेत हाफ-टन. त्यांच्या वरचे एफ-२५०, रॅम २५००, जनरल मोटर्सचे सिल्व्हराडो आणि सिएरा २५००एचडी हे थ्री-क्वार्टर टन, आणि एफ-३५० व ३५०० हे वन-टन. ही टनांची नावं फार जुन्या काळची आहेत. आजचा वन-टन ट्रक एका टनाच्या दुपटीहूनही जास्त भार पेलतो. हेवी-ड्युटीत फ्रेम जाड असते, एक्सल आणि ब्रेक मोठे असतात, इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवण्याची यंत्रणा मोठी असते आणि चाकाला आठ नट असतात.

भरलेल्या ट्रेलरचं वजन ७,००० पौंडांच्या आत राहणार असेल तर यातलं काहीच लागत नाही. चांगल्या टोइंग पॅकेजचा हाफ-टन घ्या, तो जास्त आरामदायी आहे आणि कुठेही पार्क होतो. ८,००० ते १०,००० च्या मध्ये विचार करावा लागतो. त्याच्या वर मात्र हेवी-ड्युटी हाच रास्त मार्ग.

दारावरचं लेबल

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर लेबलं दिसतात. एकावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेला असतो: ट्रक, इंधन, माणसं, सामान आणि ट्रेलरने हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर) टाकलेला भार, सगळं मिळून ट्रकचं वजन जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा. तिथेच पुढच्या आणि मागच्या एक्सलची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते. जीसीडब्ल्यूआर म्हणजे ट्रक आणि ट्रेलर दोघांच्या एकत्रित वजनाची मर्यादा; ती बहुधा कंपनीच्या टोइंग गाइडमध्ये सापडते.

सगळ्यात कामाचं आहे ते पिवळ्या पट्टीचं टायर आणि भाराचं लेबल. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. हा पेलोड त्या मॉडेलचा नसून तुमच्यासमोर उभ्या असलेल्या त्या एका ट्रकचा आहे, कारखान्यातून जसा बाहेर पडला तसा. सनरूफ, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्या, जड सीट, फोर-व्हील ड्राइव्ह यांचं वजन त्यातून आधीच वजा झालेलं असतं. पूर्ण भरलेली इंधनाची टाकी त्यात धरलेली असते. चालवणारा धरलेला नसतो. डीलरने नंतर बसवलेला टूलबॉक्स, बेडवरचं (मागच्या सामानाच्या हौद्यावरचं) टोपण, जाड बंपर यांचं वजन मात्र तुम्हालाच वजा करावं लागतं. म्हणून एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन एफ-२५० ट्रकच्या पेलोडमध्ये हजार पौंडांचा फरक सहज दिसतो. ब्रोशरमधला आकडा सोडा, दार उघडून लेबलाचा फोटो घ्या.

जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांच्या वर असेल तर हे पिवळं लेबल कायद्याने बंधनकारक नाही. अशा ट्रकचा पेलोड स्वतः काढायचा: टाकी भरून ट्रक काट्यावर न्या, आलेलं वजन जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करा.

हा १०,००० चा आकडा नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकेत ८,५०१ ते १०,००० पौंड हा वाहनांचा वर्ग २बी आणि १०,००१ पासून वर्ग ३ सुरू होतो. व्यवसायासाठी राज्याबाहेर जाणाऱ्या वाहनांना लागणारे परिवहन खात्याचे नियमही १०,००१ पासूनच लागू होतात. त्यामुळे कंपन्यांनी थ्री-क्वार्टर टन ट्रकची मर्यादा वर्षानुवर्षं १०,००० वर किंवा तिच्या आसपास ठेवली. यंत्र म्हणून ट्रक आणखी पेलू शकतो, पण कागदावरची छत तिथेच. आता त्याच छताखाली गॅसोलिन (म्हणजे पेट्रोल, अमेरिकेतल्या बोलण्यात ‘गॅस’) इंजिनापेक्षा ७०० ते १,००० पौंडांनी जड असलेली डिझेलची सगळी यंत्रणा बसवा, वर चामड्याच्या सीट, सनरूफ आणि फोर-व्हील ड्राइव्ह घ्या. उरतो २,००० ते २,५०० पौंडांचा पेलोड. म्हणजे सगळ्यात ताकदवान इंजिनाचा, सगळ्यात महागडा २५०० साध्या गॅस इंजिनाच्या २५०० पेक्षा कमी पेलतो. जनरल मोटर्सने २०२० च्या पिढीपासून आपल्या २५००एचडीची मर्यादा ११,००० च्या पुढे नेली आहे, आणि फोर्डही एफ-२५० वर जास्त पेलोडचं पॅकेज देते. म्हणून नुसतं ‘२५००’ म्हणून तुलना करू नका, लेबलाशी लेबल ताडून पाहा.

हिशेब असा करायचा

पहिला आकडा ट्रेलरचा. ट्रेलर विकणारा ‘ड्राय वेट’ सांगतो, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यावर विसंबू नका. बॅटऱ्या, प्रोपेनच्या टाक्या, भांडी, पांघरुणं, खुर्च्या, अन्न हे सगळं नंतर चढतं. पाण्याचं वजन गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पौंड तिथेच वाढले. हिशेब ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरवरच करा.

त्या वजनाचा काही भाग ट्रकवर बसतो. बंपरखालच्या हिचला लावलेल्या ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाचा हिचवरचा भार, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असतं. फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रकच्या बेडमध्ये बसवलेल्या हिचवर टेकणाऱ्या ट्रेलरचा, पिनवरचा भार २० ते २५ टक्के असतो.

समजा १४,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा फिफ्थ व्हील आहे. २२ टक्क्यांनी पिनचा भार ३,०८० पौंड. बेडमधली हिच २०० पौंड. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं ५२० पौंड. हत्यारं, जनरेटर, सायकली मिळून २०० पौंड. बेरीज ४,०००. समोरच्या डिझेल २५०० च्या दारावर २,३०० लिहिलेलं असेल तर तुम्ही १,७०० पौंडांनी बाहेर आहात, आणि तरीही त्याच ट्रकचा टोइंगचा आकडा १४,००० च्या वरच असेल. विक्रेता म्हणेल की आरामात ओढेल. ओढेलही. पेलणार नाही. इथे वन-टन लागतो: मागे एकेक चाक असलेल्या ३५०० चा जीव्हीडब्ल्यूआर १२,००० च्या आसपास असतो आणि पेलोड चार हजारांच्या घरात जातो. तोही लेबल बघूनच घ्यायचा, कारण हिशेब काठावर आहे.

आता १०,००० पौंडांचा साधा ट्रॅव्हल ट्रेलर घ्या. १३ टक्क्यांनी १,३००, वजन वाटून देणारी (काही भार ट्रकच्या पुढच्या आणि ट्रेलरच्या एक्सलवर ढकलणारी) हिच १००, कुटुंब ५२०, सामान ३००. एकूण २,२२०. डिझेल २५०० मध्ये हे जेमतेम बसतं. ३,३०० पेलोडच्या गॅस २५०० मध्ये हजार पौंड हाताशी राहतात.

मर्यादा ओलांडली तर होतं काय? सगळ्यात आधी मागचे टायर आणि मागचा एक्सल त्यांच्या क्षमतेच्या काठावर जातात. टायर तापतात, आणि उन्हाळ्यात हायवेवर फुटतात ते असेच. मागचा भाग बसला की पुढचा उचलला जातो. पुढच्या चाकांवरचं वजन घटल्याने स्टिअरिंग सैल लागतं, पुढचे ब्रेक कमी पकडतात आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातात. बरेच जण मग मागे हवेच्या पिशव्या बसवतात. त्याने ट्रक सपाट दिसतो, पण जीव्हीडब्ल्यूआर एका पौंडानेही वाढत नाही. एक्सल, टायर आणि ब्रेक होते तेच राहतात.

टोइंगचा आकडा येतो कुठून

कंपन्या हा आकडा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे२८०७ या मानकानुसार काढतात. त्यातली प्रसिद्ध चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर होते: ११ मैलांहून लांब चढ, जवळजवळ ३,००० फूट उंची, तळाशी १०० अंश फॅरनहाइट तापमान आणि एसी पूर्ण चालू. मागे एकेक चाक असलेल्या ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली न येता तो चढायचा. दुहेरी चाकांच्या ट्रकला ३५ मैलांची मुभा. चाचणी कडक आहे. पण तिच्यात १५० पौंडांची दोनच माणसं गृहीत धरलेली असतात. तुमचं कुटुंब, कुत्रा आणि बेडमधली लाकडं त्यात नाहीत. शिवाय उंच आरव्हीची समोरची भिंत वारा अडवते. त्याच वजनाचा, सपाट ट्रेलरवर चढवलेला ट्रॅक्टर ओढणं त्यापेक्षा बरंच सोपं जातं.

हिचच्या नळीवरही एक लेबल असतं. त्यावर दोन आकडे असतात, एक साध्या जोडणीसाठी आणि एक वजन वाटून देणाऱ्या हिचसाठी. ट्रकचा आकडा कितीही मोठा असो, या लेबलाच्या वर जायचं नाही. हेवी-ड्युटीत नळी अडीच किंवा तीन इंचांची असते. तिच्यात बाही घालून दोन इंचांचा बॉल-माउंट (ट्रेलर अडकवायचा गोळा धरणारा दांडा) बसवला की क्षमता त्या छोट्या बॉल-माउंटइतकीच उरते.

एकेक चाक की दुहेरी

मागे चार चाकं असलेल्या ट्रकला सगळे ड्युअली म्हणतात. जीव्हीडब्ल्यूआर १४,००० पौंड, पेलोड साडेपाच हजार आणि त्याच्या वर. बाजूने जाणाऱ्या मोठ्या मालवाहू ट्रकच्या वाऱ्याचा झोत आला तरी ड्युअली जागचा हलत नाही, आणि मागचा एक टायर गेला तरी गाडी सावरता येते. १५,००० पौंडांच्या वरचा फिफ्थ व्हील असेल तर दुसरा विचार नको.

पण रोजच्या वापरात तो अंगावर येतो. मागची रुंदी सुमारे आठ फूट. पार्किंगची खूण साडेआठ-नऊ फुटांची असते, तेव्हा तो बसतो खरा, पण दार उघडायला जागा राहत नाही. ड्राइव्ह-थ्रूच्या कठड्यावर मागचे फुगलेले फेंडर घासतात, बऱ्याच स्वयंचलित कार-वॉशमध्ये प्रवेशच नसतो. टायर सहा घ्यावे लागतात. रिकामा ड्युअली बर्फावर एकेक चाकाच्या ट्रकपेक्षा जास्त घसरतो, कारण तेच थोडं वजन चार टायरांवर पसरतं आणि प्रत्येकाचा दाब कमी पडतो. तुमचा हिशेब एकेक चाकाच्या ३५०० मध्ये बसत असेल तर ड्युअली फक्त हौस म्हणून घेऊ नका.

लांबीचंही तसंच. चार दारांचा केबिन आणि सुमारे साडेसहा-पावणेसात फुटांचा बेड मिळून ट्रक जवळजवळ २१ फूट होतो. आठ फुटांचा बेड घेतला तर २२ फूट. पार्किंगची जागा १८ ते २० फुटांची असते. घराचं गॅरेज आधी टेपने मोजा, उंचीसकट. फोर-व्हील ड्राइव्हचा हेवी-ड्युटी पावणेसात फुटांच्या आसपास उंच असतो, आणि शहरातल्या जुन्या बहुमजली पार्किंगच्या कमानी त्याहून फार उंच नसतात. फिफ्थ व्हील ओढायचा असेल तर लहान बेडमध्ये तीव्र वळणावर ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर आदळू शकतो. त्यासाठी मागे सरकणारी हिच मिळते; ती साध्या हिचपेक्षा जड आणि महाग असते. आठ फुटांच्या बेडला तिची गरज पडत नाही.

डिझेल की गॅस

आजचे आकडे असे. फोर्डचं ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल ४७५ हॉर्सपॉवर आणि १,०५० पौंड-फूट टॉर्क देतं. त्याच्या वरच्या प्रकारात ५०० आणि १,२००. जनरल मोटर्सचं ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स ४७० आणि ९७५. रॅमचं सहा सिलिंडरचं ६.७ लिटर कमिन्स २०२५ पासून ४३० आणि १,०७५, आणि त्याला आता आठ गिअरचा गिअरबॉक्स आहे. गॅसमध्ये फोर्डचं ७.३ लिटर ४३० आणि ४८५, जनरल मोटर्सचं ६.६ लिटर ४०१ आणि ४६४, रॅमचं ६.४ लिटर साधारण ४०५ आणि ४२९.

हॉर्सपॉवरमध्ये फार फरक दिसत नाही, टॉर्कमध्ये दुपटीचा आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की चढावर डिझेल १,८०० ते २,२०० आरपीएमवर शांतपणे ओढत राहतं, तर गॅस इंजिन दोन-तीन गिअर खाली उतरून ४,००० च्या वर गर्जत तेच काम करतं. त्या आवाजाने घाबरायचं कारण नाही. इंजिन त्यासाठीच बनवलेलं असतं. दिवसभर तो ऐकायचा की नाही, हा आरामाचा प्रश्न आहे.

खरा फरक उंचीवर पडतो. टर्बो नसलेलं गॅस इंजिन समुद्रसपाटीपासून दर १,००० फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे. तिथे पोचेपर्यंत ४३० हॉर्सपॉवरमधले एक तृतीयांश गेलेले असतात. टर्बो असलेल्या डिझेलला हा फटका फार कमी बसतो. उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक टर्बोची पाती मिटवून इंजिनालाच ब्रेक बनवतो. सात टक्क्यांच्या लांब उतारावर १२,००० पौंड मागे असताना पायाखालचे ब्रेक तापत नाहीत, ही मोठी निश्चिंती आहे. गॅसच्या ट्रकमध्ये टो-हॉल मोड (गिअरबॉक्सची ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग) लावून चढताना होता त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायचं आणि ब्रेक सतत धरून न ठेवता अधूनमधून ठाम दाबून सोडायचा.

आता डिझेलची दुसरी बाजू. किंमत १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त वाढते. तेल बदलताना गॅसला सात-आठ क्वार्ट लागतात तिथे याला १० ते १३. इंधनाचे फिल्टर वेगळे बदलावे लागतात. त्यात हलगर्जी झाली किंवा इंधनात पाणी गेलं तर उच्च दाबाचा पंप आतून झिजून धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत पसरवतो, आणि मग टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळी यंत्रणा बदलायची वेळ येते. रॅमने २०१९ आणि २०२० च्या कमिन्स ट्रकमधला पंप रिकॉल करून बदलला तो अशाच बिघाडामुळे. त्या वर्षांचा जुना ट्रक घेत असाल तर रिकॉलचं काम झाल्याची नोंद मागा.

रोज पाच मैल जाऊन परत येणाऱ्याला डिझेल अजिबात मानवत नाही. धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळायला धूर पुरेसा तापावा लागतो. हायवेवर ते आपोआप होतं. छोट्या फेऱ्यांत होत नाही, म्हणून इंजिन जास्त इंधन सोडून फिल्टर तापवू बघतं, तेवढ्यात तुम्ही घरी पोचून इंजिन बंद करता. असं वारंवार झालं की अर्धवट जळालेलं इंधन इंजिनच्या तेलात उतरतं आणि फिल्टर तुंबतो. नवा फिल्टर हजारो डॉलरांचा असतो. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग हायवेचा वेग मिळायला हवा. शिवाय धूर स्वच्छ करायला डीईएफ हे युरियाचं पाणी भरावं लागतं. ते उणे ११ अंश सेल्सिअसला गोठतं, म्हणून टाकीत हीटर असतो, आणि ते संपत आलं की ट्रक आधी इशारे देतो आणि मग ताकद कापतो. धूर स्वच्छ करणारी ही सगळी यंत्रणा काढून टाकलेला जुना ट्रक स्वस्तात मिळत असेल तर हात लावू नका. ते फेडरल कायद्याने बेकायदा आहे आणि बऱ्याच राज्यांत असा ट्रक तपासणीत पास होत नाही.

इंधनाच्या खर्चाची तुलना करायची तर खिडकीवर मायलेजचा सरकारी आकडा मिळणार नाही, कारण ८,५०० पौंडांच्या वरच्या ट्रकना तो लागूच नाही. ढोबळमानाने रिकामा गॅस ट्रक गॅलनला १२ ते १५ मैल जातो, डिझेल १६ ते २०. उंच ट्रेलर लावला की गॅस सात ते नऊ, डिझेल नऊ ते बारा. एवढ्या फरकातून वरचे दहा हजार डॉलर वसूल व्हायला खूप मैल लागतात, त्यात डिझेलचा दरही बहुधा जास्त.

आमचं मत स्पष्ट आहे: १२,००० पौंडांच्या वरचा ट्रेलर, नेहमी डोंगराळ भाग, किंवा वर्षाला हजारो मैल टोइंग, यातलं एक तरी असेल तर डिझेल. नसेल तर गॅस घ्या, वाचलेले पैसे चांगल्या सीट, चांगले टायर आणि उत्तम हिचवर घाला. गॅस घेताना एक्सल रेशोकडे (एक्सलमधल्या गिअरच्या प्रमाणाकडे) मात्र लक्ष द्या. ३.७३ की ४.३० असा पर्याय असेल आणि ट्रेलर १०,००० च्या पुढे असेल तर ४.३० घ्या. आकडा मोठा म्हणजे चाकांवर ओढ जास्त. हायवेवर आरपीएम थोडं वाढतं, पण दहा गिअरच्या गिअरबॉक्सने ती कसर बरीच भरून निघते.

रोजचा आराम कशावर ठरतो

सीटपेक्षा सस्पेन्शनवर जास्त ठरतो. रॅम २५०० मध्ये २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहे, म्हणून रिकाम्या ट्रकमध्ये मागच्या बाजूला सगळ्यात मऊ तोच लागतो. बाकी सगळीकडे, रॅम ३५०० मध्येसुद्धा, मागे पाटे असतात. भार पडला की ते छान बसतात, रिकामे असले की गतिरोधकावर उडवतात. रॅममध्ये मागे हवेच्या सस्पेन्शनचाही पर्याय आहे, आणि तो हिच जोडताना ट्रक खाली घ्यायला फार उपयोगी पडतो.

पुढच्या बाजूला जनरल मोटर्सच्या ट्रकची दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात. खराब रस्त्यावर स्टिअरिंग शांत राहतं, आणि रोज चालवायला बऱ्याच जणांना हेच ट्रक सोपे वाटतात. फोर्ड आणि रॅमच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढे एकसंध एक्सल असतो. तो दणकट, पण एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यापर्यंत पोचवतो. अशा एक्सलच्या जुन्या ट्रकमध्ये एक ओळखीचा दोष असतो: ५०-६० मैलांच्या वेगात पुलाच्या सांध्यावर धक्का बसला की स्टिअरिंग थाडथाड हलायला लागतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. कारण बहुधा ट्रॅक बारचे (एक्सलला आडवं जागेवर धरणाऱ्या दांड्याचे) झिजलेले बुश, सैल बॉल जॉइंट किंवा बॅलन्स बिघडलेले टायर. नुसता स्टिअरिंग डॅम्पर नवा बसवला तर तो दोष काही महिने दबतो, जात नाही. जुना ट्रक बघताना असा एखादा सांधा मुद्दाम हायवेच्या वेगात ओलांडून बघा.

टायरमधली हवा हा आरामाचा फुकटचा उपाय आहे, पण जपून वापरायचा. या ट्रकचे टायर ई दर्जाचे, ८० पीएसआयपर्यंत हवा घेणारे. मागच्या टायरमध्ये पूर्ण दाब ठेवून रिकामा ट्रक चालवला तर तो उसळतो आणि टायर मधोमध झिजतो. काही मॉडेलांत हलक्या भारासाठी कमी दाबाची सोय कंपनीनेच दिलेली असते. ती असेल तरच दाब उतरवा, आणि ट्रेलर जोडण्याआधी टायर थंड असताना दारावरच्या लेबलाइतकी हवा परत भरा. चाकं १८ इंची घ्या. २० इंचीच्या टायरची कड बुटकी असते, धक्के जास्त आत येतात आणि टायर महाग पडतात.

ऑफ-रोड पॅकेजच्या बाबतीत सावध राहा. मऊ स्प्रिंग आणि उंच सस्पेन्शन चालवायला सुखद असतं, पण पेलण्यातून वजा होतं. रॅमचा पॉवर वॅगन २५०० च्याच घरातला असून त्याचं टोइंग साधारण १०,५०० पौंडांवर येतं.

आरामाच्या ज्या सोयी टोइंगलाही कामी येतात त्यांच्यावर पैसे खर्च करायला हरकत नाही: बाहेर सरकणारे मोठे आरसे, कारखान्यातच बसवलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर, हिचवरचा कॅमेरा, थंड हवा देणाऱ्या सीट, पाय ठेवायला पायरी. फिफ्थ व्हीलची शक्यता असेल तर बेडखालची कारखान्यातली तयारी ट्रक घेतानाच सांगा. नंतर बाजारातून रेल (हिच धरणाऱ्या पट्ट्या) बसवायला जास्त खर्च आणि जास्त भोकं लागतात.

टेस्ट ड्राइव्ह आणि काटा

डीलरच्या ठरावीक गुळगुळीत फेरीवर समाधान मानू नका. खड्ड्यांचा रस्ता, हायवे आणि तुमचं नेहमीचं पार्किंग, तिन्ही ठिकाणी रिकामा ट्रक न्या. मागच्या सीटवर मोठ्या माणसाला बसवा. पाट्यांचा दणका तिथे जास्त लागतो. जमलं तर ट्रेलर जोडून चालवण्याची परवानगी मागा.

परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांच्या वरच्या ट्रॅव्हल ट्रेलरला आणि १५,००० च्या वरच्या फिफ्थ व्हीलला खासगी वापरासाठीही वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो, आणि ट्रेलर ओढताना कमाल वेग ताशी ५५ मैल. टेक्ससमध्ये ट्रक आणि ट्रेलर दोघांची एकत्रित मर्यादा २६,००० च्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असला की खासगी वर्ग एचा परवाना लागतो.

ट्रक घरी आल्यावर पहिल्या सहलीच्या आधी ट्रक-स्टॉपवरच्या कॅट नावाच्या वजनकाट्यावर जा. तिथे पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलरचे एक्सल वेगवेगळे तोलले जातात. माणसं, पाणी, सामान सगळं भरून एकदा ट्रेलरसकट वजन घ्या, मग ट्रेलर बाजूला लावून तेवढ्याच भरलेल्या ट्रकचं. पहिल्या पावतीतली ट्रकच्या दोन एक्सलची बेरीज उणे दुसऱ्या पावतीतली बेरीज म्हणजे ट्रकवर खरोखर बसलेला भार. वजन वाटून देणारी हिच वापरत असाल तर पहिलं वजन तिचे दांडे सोडून घ्या, नाहीतर काही भार ट्रेलरच्या एक्सलवर गेलेला असतो आणि टंग वेट कमी दिसतं. मग दांडे लावून आणखी एकदा तोला. पुढच्या एक्सलवरचं हरवलेलं वजन किती परत आलं ते त्यातून कळतं. किती परत यायला हवं ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

टंग वेट १० टक्क्यांच्या खाली आलं तर ट्रेलर डुलतो. जड सामान ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे हलवा. रस्त्यात डुलायला लागलाच तर ट्रकचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. त्या कळीची ताकद आधीच मोकळ्या मैदानात ठरवून ठेवा: ताशी २०-२५ मैलांवर कळ पूर्ण दाबा, ट्रेलरची चाकं अडकेपर्यंत गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवत जा, अडकली की एक पायरी खाली आणा. पाण्याच्या टाक्या भरल्या किंवा रिकाम्या केल्या, की हे जुळवणं पुन्हा तपासा.